लाईन कुणाची

बोंबलाच्या तोंडात बोंबलाचं तोंड अडकवायचं, जोडी करायची आणि दोरावर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, दुसरा पलीकडे. वत्सला हे काम परकर नेसत होती तेव्हापासून करत आली होती. आता ते तिचे हात आपसूक करत. तोंड मात्र रिकामं राहायचं, आणि ते कुणावर तरी सुटलेलं असायचं. त्या सकाळी ते सुनेवर सुटलं होतं.

“अशी सैल जोडी करतेस, वारा आला की निम्मे खाली. मग काय, कावळे आपले जावई.”

“आई, एवढी टोपली संपवते आणि जाते. माझं काम चालू होईल आता.”

“जा बाय, जा. तुजे डाक्टर खोळंबले असतील.”

रुचिताचे डॉक्टर मुंबईच्या एका हॉस्पिटलात होते. ते पेशंटला तपासून यंत्रात बोलायचे आणि रुचिता ते घरी बसून, कानाला ऐकायचं लावून, टाईप करायची. सुरुवातीला वत्सलाला हे खोटंच वाटलं होतं. मग एकदा तिने ते कानाला लावून पाहिलं. आत एक पुरुष कुणाच्या तरी पित्ताशयाबद्दल इंग्रजीत पुटपुटत होता. तेव्हापासून ती बाजारात सांगायची, “माज्या सुनेच्या कानात डाक्टर बोलतो. तुमच्या सुनांच्या कानात काय बोलतो? मळ.”

हे सगळं चालायचं ते एका काळ्या तारेवर. नेटची सरकारी तार पंचायतीच्या ऑफिसापर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. खाडीकडच्या खालच्या पाड्यात मोबाईलला धड आवाज येत नसे. नेटच्या खासगी कंपनीला विचारलं तर तिने कळवलं की एवढ्याशा घरांसाठी खांब परवडत नाहीत. वीजवाले त्यांच्या खांबांवर तार टाकू देईनात. तेव्हा सरपंच रामनाथने डोकं चालवलं. ऑफिसापासून पाड्यापर्यंत मधे होतं ते बोंबील सुकवायचं मैदान, आणि त्यावर वत्सलाच्या वलांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या होत्या. माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे बांबू, त्यांना आडवे दोर. रामनाथने त्याच बांबूंच्या शेंड्यावरून तार नेली. वत्सलाने नेऊ दिली.

“ने. पण माज्या बोंबलाला तुजी तार लागता कामा नये.”

पाड्यात नेट आलं. पोरं अभ्यास करू लागली, बोटीवाले हवामान बघू लागले, रुचिताला नोकरी लागली. आणि मग कंपनीला एकदम खालच्या पाड्याची आठवण झाली. पंचायतीने असा धंदा करायचा नाही, परवाना नाही, पाड्याला नेट द्यायचा हक्क आमचा, असे तिचे अर्ज वर जाऊ लागले. पंचायत म्हणे, आम्ही धंदा कुठे करतो, गावाचं गावाला देतो. हे वर्षभर चाललं होतं. वत्सलाने त्यात कधी लक्ष घातलं नाही. बोंबील टाकणाऱ्या बाईने कशाकशात लक्ष घालायचं?

रुचिता हात धुवायला घराकडे गेली. तेवढ्यात वाळूत बूट रुतवत एक माणूस आला. तरणाच होता, डोक्याला पिवळं शिरस्त्राण, गळ्यात ओळखपत्र. मागे आणखी एक जण.

“मावशी, ही लाईन कुणाची?”

वत्सलाने मान वर केली. मागच्या थंडीत अशीच बूटवाली माणसं तीन पायांची काठी घेऊन आली होती. मैदान मोजून गेली, कशाला ते कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणे जेटी, कुणी म्हणे रस्ता. तेव्हापासून वाळूत बूट दिसला की ती भांडायलाच उभी राहायची. आणि मैदानावर प्रत्येक घराच्या वलांडींच्या रांगेला लाईनच म्हणत. वत्साची लाईन, लाडकीची लाईन. त्याचा सातबारा नव्हता, जागा सरकारची. पावसाळा सरला की ज्याने बांबू रोवले त्याची लाईन. ज्याने एक वर्ष चुकवलं त्याची गेली. नवऱ्याचा, महादूचा, गुडघा निकामी झाला त्या वर्षी वत्सलाने स्वतः पहार धरून खड्डे मारले होते, तळहाताची सालटं निघाली होती, पण वर्ष चुकवलं नव्हतं.

“माजी,” ती म्हणाली.

“म्हणजे तुमची स्वतःची?”

“मग काय तुज्या आयशीची?”

मागचा माणूस हसला. हा हसला नाही, रागावलाही नाही. “पंचायतीची नाय?”

“पंचायतीनं कदी बांबू रोवलाय? पंचायतीला बांबूचं बूड कुठलं आन् शेंडा कुठला ते तरी कळतं का?”

“मावशी, वाऱ्यामुळं नीट ऐकू येत नाही. जरा इकडं बघून परत सांगता?”

त्याने मोबाईल उभा धरला. वत्सलाने हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि मोबाईलच्या डोळ्यात डोळा घालून सांगितलं.

“मी वत्सला महादू पागधरे. ही लाईन माजी हाय. माज्या सासूची व्हती, तिच्या सासूची व्हती. पंचायतीचा हिच्याशी काय संबंद नाय. कुणी हात लावला तर हात शाबूत ऱ्हानार नाय.”

“थँक्यू मावशी.”

ते गेले. वत्सलाला बरं वाटलं. शेजारच्या लाईनीवरून तिची जाऊ लाडकी मान उंच करून बघत होती. दोघींचं मधल्या हातभर वाळूवरून कित्येक वर्षं बोलणं जेवढ्यास तेवढं.

“कोन व्हता ग?”

“जेटीवाला. दिला हाकलून.”

पुढच्या आठवड्यात दुपारी रुचिता दारात येऊन उभी राहिली. कानाचं यंत्र गळ्यात लोंबत होतं. “आई, नेटच्या डबीवरचा दिवा लाल झाला.” थोड्या वेळाने शेजारच्या घरातून, मग पलीकडच्या घरातून तेच. संध्याकाळी सरपंच रामनाथ आला. तो महादूच्या चुलत्याचा नातू, लहानपणी वत्सलाच्या ओसरीवर भाजलेला बोंबील खात मोठा झालेला. आज तो ओसरीवर बसला नाही. त्याने मोबाईल काढून वत्सलापुढे धरला.

मोबाईलमध्ये वत्सला उभी होती. डोक्यावर पदर, मागे बोंबील, आणि बोंबलांच्या वर ती काळी तार. ‘ही लाईन माजी हाय. पंचायतीचा हिच्याशी काय संबंद नाय.’

“काकू, तो जेटीवाला नव्हता. कंपनीचा निमेश व्हता. तो तारेचं विचारत व्हता.”

“मी बांबूचं बोलत व्हते.”

“मला कळतं ग. कंपनीच्या वकिलाला नाय कळत. त्यानं वर दाखवलं, की बघा, पंचायत म्हणते नेट गावाचं, आन् लाईन तर एका बाईची खासगी. पालघरच्या मॅडमनी निकाल लागेपर्यंत बंद ठेवायला सांगितलं.”

“मग जाऊन सांग ना, तार तुजी आन् बांबू माजे.”

रामनाथने डोळे चोळले. माणूस वर्षभर पालघरच्या चकरा मारून वाळून गेला होता. “ते सांगून बघितलं. ते म्हणतात, बांबू तिचे तर जागा कुणाची? सरकारची. कागद हाय का? नाय. म्हंजे तिचं अतिक्रमण, आन् पंचायतीची तार अतिक्रमणावर लटकलेली. ती उतरवा. पण बांबूपन पंचायतीचे असले तर सगळंच पंचायतीचं. मग आपल्याला बोलायला जागा ऱ्हाते.”

“म्हंजे मी काय करू?”

“सुनावणीला ये. आन् बोल, लाईन माजी नाय.”

 वत्सला उठून आत गेली आणि चुलीवरचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. रामनाथ चहा न घेता गेला.

ते चित्र गावभर फिरलं. पाण्याच्या नळावर पोरी पदर डोक्यावर घेऊन म्हणायच्या, ही कळशी माजी हाय. बोईसरच्या बाजारात वत्सला सुकी टोपली घेऊन बसली तर भाजीवाला म्हणाला, “काय काकू, हा फूटपाथपण तुमचाच का?”   तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

रुचिताने काम सोडलं नाही. बोईसरला एका क्लासच्या मागच्या खोलीत टेबल मिळालं. पहाटे उठून जोड्या करायच्या, मग शेअर रिक्षात कोंबून जायचं, दिवस कलल्यावर तशीच परत. येईपर्यंत तिचे डोळे सुकटीच्या डोळ्यांसारखे होत. जेवता जेवता ती भिंतीला टेकून झोपायची, हातात घास तसाच. वत्सला तो घास काढून ताटात ठेवायची. 

एका रविवारी तिचा मुलगा धीरज म्हणाला, “आई, मी बोईसरला एक खोली बघितली. कारखान्याच्या बसचा थांबा समोरच. हिचंपन सोपं होईल.” धीरज तारापूरच्या केमिकलच्या कारखान्यात पाळीवर होता. त्याच्या कपड्यांना येणारा वास सोड्यानेही जात नसे.

“बघितलीस म्हंजे घेतलीस.”

“घेतली नाय. सुनावणीचं काय होतं ते बघून.”

वत्सलाने सुनेकडे पाहिलं. रुचिताने मान खाली घातली. म्हणजे बोलणं झालेलं होतं.

त्या दिवशी वत्सलाने टोपली एकटीने वाहिली. टोपलीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं, कंबर ओली झाली होती. महादू वलांडीच्या बुडाशी पाय पसरून जाळं विणत बसला होता. गुडघा गेल्यापासून त्याचं हेच काम.

“मी म्हनलं की माजी नाय, तर काय होईल?” तिने विचारलं. त्याला असं कधी काही विचारलं जात नसे, म्हणून तो आधी सुई थांबवून बसला.

“म्हनलीस तर गेली,” तो म्हणाला. “ज्याच्या तोंडाची, त्याची लाईन. हितं दुसरं काय हाय?”

“आन् नाय म्हनलं तर?”

“तर पोरगा जाईल.”

“मग काय करू?”

“मला काय इचारतेस? मी काय खड्डे मारले?”

तो पुन्हा विणायला लागला. वत्सलाला त्याचा राग आला, पण राग यायलाही अंगात काही लागतं. ती पुढची जोडी करत राहिली. कातरलेल्या बोटांत मीठ झोंबत होतं.

सुनावणीच्या दिवशी मळभ होतं. बोंबलाला मळभ वाईट, अळी पडते. अर्धा माल दोरावर सोडून ती पालघरला गेली. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, केसांत अबोलीचा गजरा. रामनाथ सोबत होता. लाडकीही निघाली.

“तुला कुणी बोलावलं?” वत्सला म्हणाली.

“माजी लाईन तुज्या लाईनीला लागून हाय. तू काय बोलतेस ते मी ऐकनार.”

ऑफिस नवं, फरशी अशी की पाय टाकायला भीती वाटावी. बाहेरच्या बाकावर त्या दोघी बसल्या आणि थोड्या वेळाने शिपायाने येऊन त्यांच्या डोक्यावरची खिडकी उघडली. पलीकडच्या बाकावरची एक बाई रुमाल नाकाला लावून उठून गेली. वत्सलाने सकाळी दोनदा अंघोळ केली होती. लाडकीने तिच्याकडे पाहिलं, मग त्या बाईच्या पाठीकडे.

“रविवारी हीच घासाघीस करून बोंबील घेऊन जाईल,” लाडकी म्हणाली. वत्सलाला हसू येता येता राहिलं.

निमेश वकिलाच्या फायली घेऊन आला. वत्सलाला बघून थबकला. शेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “मावशी, माझं काम आहे हो ते. मी मनोरचा, रोज दुचाकीवर येतो. विचारायला सांगितलं ते विचारलं.”

“नीट नाय इचारलंस,” वत्सला म्हणाली. “तारेला तार म्हनायचं व्हतं.”

त्याने मान हलवली आणि आत गेला.

दुपार उलटल्यावर बोलावणं आलं. टेबलामागे एक मॅडम होत्या, दमलेल्या, समोर फायलींचा ढीग. त्यांनी मोबाईलमधलं ते चित्र सगळ्यांना दाखवलं. भिंतींमध्ये वत्सलाचा आवाज घुमला, ‘हात शाबूत ऱ्हानार नाय’. कारकून हसू दाबत खाली बघत होते.

“या तुम्हीच ना?” मॅडम म्हणाल्या. “आता नीट सांगा. लाईन कुणाची?”

रामनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. लाडकी दाराच्या चौकटीत होती. वत्सला टेबलाकडे बघत म्हणाली,

“पंचायतीची.”

“तार की बांबू?”

“दोनी.”

“मग तुम्ही तिथे मासे का सुकवता?”

वत्सलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “पंचायत सुकवू देते म्हनून.”

कंपनीचा वकील उठला. त्याचा आवाज गोड होता. “बाई, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत सासूची, सासूच्या सासूची. आज सांगता पंचायतीची. दोन्ही खरं कसं असेल? त्या दिवशी खोटं बोललात की आज बोलता?”

 वत्सला पागधरेने आयुष्यात शिव्या दिल्या होत्या, भांडणं केली होती, दिराला एकदा कोयता दाखवला होता. पण तराजू हातात धरणारी बाई खोटी बोलते असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं. त्यावर ती बाजारात मान ताठ करून बसायची.

“त्या दिवशी,” ती म्हणाली.

“त्या दिवशी काय?”

“खोटं बोलले.”

“ऐकू आलं नाही.”

“त्या दिवशी मी खोटं बोलले,” वत्सलाने मोठ्याने सांगितलं. मग तिला सही करायला सांगितली. ती एकेक अक्षर काढत बसली तोवर मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. जोडाक्षराशी तिचा हात अडला. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला. तिने तो मागे ढकलला आणि नाव पुरं केलं.

मॅडमनी सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत पंचायतीने नेट चालू ठेवायला हरकत नाही. मूळ वाद वर जाईल, तिथे ठरेल. कंपनीच्या वकिलाने लगेच पुढची तारीख विचारून घेतली. त्याच्या तोंडावर जिंकल्याहरल्याचं काही नव्हतं. उद्या त्याला दुसऱ्या गावचं काम होतं.

परतीच्या एसटीत दोघी जावा एका बाकावर बसल्या. बेटेगाव मागे पडलं.

“तुज्या तोंडानं तू माजीपन देऊन आलीस,” लाडकी शेवटी म्हणाली. “तुजी पंचायतीची तर माजी कुणाची?”

“मला ठाव हाय.”

“सुनेसाठी दिलीस.”

“तुला सून नाय म्हनून बोलतेस.”

 हे बोलायला नको होतं, हे वत्सलाला तोंडातून निघता निघता कळलं. लाडकीने पिशवीतून चण्याची पुडी काढली, स्वतः दोन खाल्ले, आणि पुडी दोघींच्या मधे ठेवली. वत्सलाने खाल्ले नाहीत. पण पुडी पडू नये म्हणून हात लावून ठेवला.

घरी पोचली तेव्हा डबीवरचा दिवा हिरवा होता. रुचिता कानाला लावून बसली होती आणि तिची बोटं भराभर चालत होती. तिने काम थांबवून उठू पाहिलं.

“बस,” वत्सला म्हणाली. “डाक्टर काय म्हनतो?”

“कुणाचं तरी हाड मोडलंय, आई.”

“बसव म्हनावं.”

तिने लुगडं बदललं, गजरा काढून तुळशीवर ठेवला आणि मैदानावर गेली. मळभाने निम्मा माल गेला होता. वास घेऊन वाईट वाईट काढता काढता अंधारून आलं.

सकाळी वारा उत्तरेकडून वाहत होता, कोरडा, सुकवणाऱ्यांना हवा तसा. किनाऱ्याला बोट लागली होती. वत्सला ताज्या बोंबलांची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन लाईनीशी आली आणि पहिल्या बांबूच्या अलीकडे थांबली. रामनाथ तारेची गाठ तपासत पलीकडच्या टोकाला उभा होता. आजूबाजूच्या लाईनींवर बायका जोड्या करत होत्या.

“सरपंच,” वत्सलाने हाक मारली.

तो वळला. तिने त्याला असं कधी हाकारलं नव्हतं.

“बोंबील टाकू का?”

रामनाथ हसला. “काय काकू, सकाळ सकाळ.”

वत्सला हसली नाही. ती तिथेच उभी राहिली. टोपलीतलं पाणी ठिबकत कानामागून गळ्यात येत होतं, पण तिने एक हातही सोडला नाही. रामनाथचं हसू ओसरलं.

“टाक ना ग. हे काय इचारनं झालं?”

“मॅडमपुढं सांगून आलेय मी. पंचायत सुकवू देते म्हनून सुकवते. मग पंचायतीनं सांगायला नको?”

बायकांचे हात थांबले. लाडकी म्हणाली, “उतरव ती टोपली आदी, मान मोडंल.” वत्सलाने तिच्याकडे पाहिलं नाही. रामनाथ वाळूत पाय घासत उभा होता, बोंबील चोरून खाताना सापडायचा तेव्हासारखा. तो जवळ आला. टोपलीला हात लावायला गेला तर ती मागे सरकली.

“काकू, लोक बघतात.”

“बघू दे. त्यांनापन उद्या इचारायला लागंल.”

 वर तार वाऱ्याने बांबूवर घासत होती. मग रामनाथने खाली बघत, तुटक आवाजात सांगितलं, “टाका.”

वत्सलाने टोपली उतरवली, मान दोन्ही बाजूंना मोडली, आणि पहिल्या बोंबलाचं तोंड उघडलं.